चालकाविना गाडी, की गाडीविना प्रवासी?



जगातील काही प्रगत शहरांच्या उपनगरांत गेल्या दशकभरापासून एक प्रयोग चालू आहे. प्रवाशाने आपल्या मोबाइलवरून मागणी नोंदवायची, थोड्याच वेळात एक छोटी गाडी दाराशी किंवा जवळच्या कोपऱ्यावर येणार, वाटेत त्याच दिशेने जाणारे आणखी दोन-चार प्रवासी घेणार आणि सर्वांना रेल्वे स्थानकापर्यंत पोहोचविणार. गाडीला ठरलेले वेळापत्रक नाही, ठरलेला मार्ग नाही आणि पुढे चालकही नाही. कोणाला कोठून घ्यायचे, कोणत्या रस्त्याने न्यायचे, हे संगणक ठरवितो आणि गाडीही तोच हाकतो.

सातारा-सांगली भागातील वाचकाला यातील अर्धा भाग तरी नवा वाटणार नाही. कोठेही हात करावा आणि थांबवावी, भरली की सुटावी, वेळापत्रक नसावे, प्रवाशाच्या गरजेप्रमाणे वाट वाकडी करावी, अशी गाडी आपल्याकडे किमान दोन पिढ्यांपासून धावत आहे. तिला आपण 'वडाप' म्हणतो. कधी ती कमांडर जीप होती, कधी ट्रॅक्स, कधी सहा आसनी रिक्षा. अलीकडे तिची जागा छोट्या व्हॅनने घेतली. परदेशातील तज्ज्ञ ज्याला भविष्यकाळातील सार्वजनिक वाहतूक म्हणतात, तिचे चालक असलेले रूप आपल्या प्रत्येक फाट्यावर उभे आहे. फरक एवढाच की तिकडे त्या सेवेला शासनाचा निधी मिळतो, आणि येथे मात्र ती बहुतांशी कायद्याच्या कडेकडेने चालते.

म्हणूनच या प्रयोगांकडे केवळ कुतूहलाने न पाहता, त्यांतून आपल्यासाठी कोणता प्रश्न उभा राहतो, याचा विचार करणे आवश्यक वाटते.

प्रयोगांचा दहा वर्षांचा हिशेब

प्रथम जगातील अनुभव पाहू. फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे २०१२ साली 'कुत्सुप्लुस' नावाची सेवा सुरू झाली. प्रवाशांच्या मागणीप्रमाणे मार्ग बदलणाऱ्या लहान बसगाड्यांची ही सार्वजनिक सेवा होती आणि तिच्यावर चालक होते. लोकांना ती आवडली. परंतु गाड्यांची संख्या पंधराच्या पुढे गेली नाही, प्रत्येक फेरीमागे सार्वजनिक तिजोरीतून मोठी रक्कम घालावी लागत होती, आणि २०१५ च्या अखेरीस ती बंद करण्यात आली. लहान गाडीत प्रवासी थोडे आणि चालकाचे वेतन मात्र मोठ्या बसइतकेच, हे त्यामागील गणित होते. चालकाचा खर्च वगळता आला तर अशी सेवा परवडेल, या विचाराला त्यामुळे बळ मिळाले. स्वयंचलित सामायिक गाड्यांमागील आर्थिक प्रेरणा ही अशी आहे.

फ्रान्समधील लियाँ शहरात २०१६ साली नाव्या या कंपनीच्या छोट्या स्वयंचलित गाड्या नदीकाठच्या मार्गावर धावू लागल्या. अमेरिकेतील लास वेगास येथे नोव्हेंबर २०१७ मध्ये तशीच गाडी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी तिला अपघात झाला. समोरून एक मालमोटार हळूहळू मागे येत होती. गाडीने नियमाप्रमाणे स्वतःला थांबविले आणि ती तेथेच उभी राहिली. मागे सरकावे हे तिला सुचले नाही. मालमोटारीचा धक्का तिला लागला. कोणालाही इजा झाली नाही आणि दोष मालमोटारीच्या चालकाचा ठरला. तरीही आपला कोणताही जीपवाला अशा वेळी काय करतो, हे वाचकांना सांगावयास नको. नाव्या ही कंपनी २०२३ साली आर्थिक संकटात सापडली व तिचा व्यवसाय दुसऱ्यांच्या हाती गेला.

स्कॉटलंडमध्ये मे २०२३ पासून एडिंबरोजवळ पूर्ण आकाराच्या स्वयंचलित बसगाड्या नियमित मार्गावर धावल्या. कायद्याप्रमाणे चालकाच्या जागी एक प्रशिक्षित कर्मचारी बसलेला असे आणि प्रवाशांची विचारपूस करण्यासाठी आणखी एक कर्मचारी असे. म्हणजे चालक कमी करण्यासाठी निघालेल्या बसमध्ये एकाऐवजी दोन माणसे बसली! पुरेसे प्रवासी मिळाले नाहीत म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये ही सेवा थांबविण्यात आली. जर्मनीत डार्मस्टाट आणि ओफेनबाख परिसरात २०२५ साली प्रवाशांनी मागणी करताच येणाऱ्या स्वयंचलित गाड्यांची चाचणी झाली. तेथेही गाडीत सुरक्षेसाठी माणूस बसविणे आवश्यक होते.

जपानमधील एइहेइजी या गावाचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. प्राचीन बौद्ध मठामुळे प्रसिद्ध असलेल्या या डोंगराळ गावात तरुण कमी आणि वृद्ध जास्त आहेत. बंद पडलेल्या रेल्वेमार्गाच्या जागेवर, सुमारे दोन किलोमीटरच्या पट्ट्यात, ताशी १२ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या छोट्या विजेच्या गाड्यांना मे २०२३ मध्ये चालकाविना सेवा देण्याची मुभा मिळाली. रस्त्याखाली पुरलेल्या तारेच्या आधारे त्या वाट काढतात. त्याच वर्षी एका गाडीचा सायकलीला धक्का लागला, तेव्हा सेवा काही महिने थांबवून त्रुटी दूर करण्यात आली. वेग माणसाच्या धावण्याइतका, वाट आखलेली, आणि चूक झाली की थांबण्याची तयारी! ज्या देशाने यंत्रमानवाच्या क्षेत्रात जगात नाव कमावले, तो देश इतक्या सावधपणे पावले टाकतो, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. अमेरिकेतील फिनिक्स शहरात ऑक्टोबर २०२० पासून वेमो कंपनीच्या टॅक्सी चालकाविना सर्वसामान्य प्रवाशांना नेऊ लागल्या आणि पुढे इतर शहरांतही त्यांचा विस्तार झाला. यंत्र मद्यप्राशन करीत नाही, पेंगत नाही, मोबाइलवर बोलत नाही. भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. हा आकडा ज्याने वाचला, त्याला यंत्राची थट्टा करण्याचा अधिकार उरत नाही. मात्र यंत्रही निर्दोष नाही. ॲरिझोनामध्ये मार्च २०१८ मध्ये स्वयंचलित चाचणीच्या मोटारीखाली रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेचा अंत झाला. सॅन फ्रान्सिस्कोत ऑक्टोबर २०२३ मध्ये दुसऱ्या एका कंपनीच्या टॅक्सीने, आधीच अन्य मोटारीच्या धडकेने कोसळलेल्या महिलेला फरफटत नेले. त्या कंपनीचा परवाना स्थगित झाला आणि पुढील वर्षी तिच्या मालकांनी टॅक्सीचा हा उद्योगच सोडून दिला.

भारताची भूमिका

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री श्री. नितीन गडकरी यांनी २०१७ साली आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर येथे स्पष्ट केले की, चालकविरहित मोटारींना ते भारतात येऊ देणार नाहीत, कारण त्यामुळे लाखो चालकांचा रोजगार जाईल. त्याच वेळी संशोधन थांबलेले नाही. हैदराबादच्या आय.आय.टी.मध्ये स्वयंचलित वाहनांसाठी चाचणीक्षेत्र २०२२ साली सुरू झाले आणि संस्थेच्या आवारात अशा छोट्या बसगाड्या धावल्या. दिल्ली मेट्रोच्या एका मार्गावर तर डिसेंबर २०२० पासून चालकाविना गाड्या धावू लागल्या. परंतु त्या रुळांवर धावतात आणि त्यांच्या वाटेत दुसरे कोणी येत नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने या संदर्भात दोन दारे उघडली. एका कलमाने नवीन संशोधनाला प्रोत्साहन देण्यासाठी काही वाहनांना कायद्याच्या तरतुदींतून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. दुसऱ्या कलमाने ग्रामीण वाहतूक आणि शेवटच्या टप्प्यापर्यंतचा प्रवास यांसाठी परवान्यांत बदल करण्याचा, स्वतंत्र योजना आखण्याचा आणि त्याखाली परवाने देण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला. पहिल्या दाराची चर्चा वर्तमानपत्रांत वारंवार होते. दुसरे दार आपल्या गावाच्या वेशीवर उघडते, पण त्याची चर्चा फारशी कानावर येत नाही.

आपला रस्ता आणि आपला प्रवासी

स्वयंचलित गाडी कशी चालते? छपरावरील लेसर किरण आणि कॅमेरे सभोवतालचे दृश्य टिपतात, आधी तयार केलेल्या सूक्ष्म नकाशाशी ते ताडून पाहिले जाते आणि पुढे काय घडेल याचा अंदाज संगणक बांधतो. रस्त्यावरील पांढरे पट्टे स्पष्ट असणे आणि इतरांनी नियम पाळणे, हे त्याचे दोन मोठे आधार आहेत.

आता गळिताच्या हंगामात कऱ्हाड किंवा इस्लामपूर परिसरातील रस्ता डोळ्यांसमोर आणा. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, त्यामागे लाल दिवा नाही. पुढे बैलगाड्यांची रांग. रस्त्यावर पडलेली उसाची कांडी उचलण्यासाठी धावणारी मुले. माण-खटावमध्ये धनगरांचा मेंढ्यांचा कळप रस्ता व्यापतो. आषाढीच्या आधी लोणंद, तरडगाव, फलटण या मार्गाने ज्ञानेश्वर महाराजांची पालखी जाते, तेव्हा रस्ता वाहनांचा राहत नाही, वारकऱ्यांचा होतो. पावसाळ्यात पसरणीच्या घाटात दहा पावलांवरचे दिसत नाही. अशा ठिकाणी चालक केवळ सुकाणू फिरवीत नसतो. समोरच्या माणसाच्या नजरेवरून तो त्याच्या मनातले ओळखत असतो.

अर्थकारणही उलटे आहे. युरोपमध्ये चालकाचे वेतन हा सेवेचा सर्वांत जड खर्च आहे. आपल्याकडे वडापवाल्याला इंधन, गाडीचा हप्ता, दुरुस्ती आणि अधूनमधून होणारा दंड वजा जाता जे उरते, तीच त्याची मजुरी. त्याला दूर करून त्याच्या जागी महागडी उपकरणे बसविल्याने प्रवास स्वस्त होईल, असे म्हणता येत नाही. हेलसिंकीची अडचण चालकाच्या पगाराची होती. आपली अडचण निराळी आहे.

ती अडचण कोणती? पाटण, जावळीच्या खोऱ्यांतील तरुण मुंबईला माथाडी कामासाठी गेले. खानापूर-आटपाडीतील तरुण गलाईच्या व्यवसायासाठी देशभर पांगले. गावात राहिले ते आई-वडील. कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडील कांदाटी खोऱ्यातील माणसाला तापोळ्याला येण्यासाठी लाँचची वाट पाहावी लागते. जत तालुक्यातील वृद्धेला डोळे दाखविण्यासाठी मिरजेला यायचे असते, आणि तिच्या गावातून फाट्यापर्यंतचे अंतरच तिच्यासाठी सर्वांत लांबचे असते. सायंकाळी कॉलेज सुटल्यावर शेवटची गाडी चुकली तर मुलीचे शिक्षणच थांबते, कारण घरचे म्हणतात, "उद्यापासून जाऊ नकोस."

शासनाने सवलती दिल्या आहेत, आणि त्या मोलाच्या आहेत. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला. मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सूट मिळू लागली. ग्रामीण विद्यार्थिनींना बारावीपर्यंत मोफत पास आहे. परंतु या सर्व सवलती एस.टी.च्या आत आहेत. ज्या वाडीला एस.टी. जात नाही किंवा दिवसातून एकदाच जाते, त्या वाडीतील आजीबाई वडापला पूर्ण भाडे देते. ज्यांना सवलतीची सर्वाधिक गरज, त्यांच्याच दारापर्यंत सवलत पोहोचत नाही.

एस.टी.ची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला निघाली आणि पुढे 'गाव तेथे एस.टी.' हे ध्येय तिने मोठ्या प्रमाणावर साध्य केले. ते ऋण महाराष्ट्र विसरणार नाही. परंतु ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात कर्मचाऱ्यांचा संप झाला, तेव्हा राज्य सरकारनेच अधिसूचना काढून खासगी वाहनांना प्रवासी नेण्यास परवानगी दिली. एरवी बसस्थानकाच्या आसपास ज्यांना उभे राहू दिले जात नाही, त्याच वाहनांनी त्या महिन्यांत लोकांना दवाखान्यात, परीक्षेला आणि बाजाराला नेले. गरज संपताच ती पुन्हा बेकायदा ठरली.

वडापचे दोषही झाकता येणार नाहीत. नऊ जणांच्या गाडीत पंधरा जण कोंबले जातात, पायरीवर मुले लोंबकळतात, म्हाताऱ्यांना पाय ठेवायला जागा नसते. अपघात झाला तर दुःख एकदाच कोसळत नाही. एका बस अपघाताच्या प्रकरणात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, विमा कंपनीची जबाबदारी विम्यात धरलेल्या प्रवासीसंख्येपुरतीच राहते. अधिक भरलेल्या प्रवाशांच्या भरपाईचा बोजा गाडीमालकावर पडतो. ज्याची गाडीच कर्जावर आहे, तो मालक काय देणार? गाडीत अधिक बसविलेली प्रत्येक व्यक्ती अशा रीतीने विनासंरक्षण प्रवास करीत असते.

ख्रिस्तसभेची दृष्टी

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रात सार्वजनिक वाहतुकीचा मुद्दाम उल्लेख केला. गर्दी, गैरसोय, अपुऱ्या फेऱ्या आणि असुरक्षितता यांमुळे प्रवाशांच्या वाट्याला अप्रतिष्ठेची वागणूक येते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. त्याच परिपत्रात, तंत्रज्ञानाच्या प्रगतीने माणसाच्या श्रमाची जागा अधिकाधिक बळकावणे मानवजातीस हितकारक नाही, असा इशारा आहे. जानेवारी २०२५ मध्ये व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या 'अंतिक्वा एत नोव्हा' या टिपणात कृत्रिम बुद्धिमत्ता ही मानवी बुद्धीची निर्मिती असून तिची जबाबदारी माणसावरच राहते, हे सूत्र मांडले आहे. पोप लिओ चौदावे यांनी मे २०२५ मध्ये निवड झाल्यानंतर कार्डिनलांशी बोलताना आपल्या नावाचे कारण सांगितले: पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरूम नोव्हारूम' या परिपत्राद्वारे औद्योगिक क्रांतीच्या काळात कामगारांची बाजू मांडली होती, आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात श्रमाच्या प्रतिष्ठेचा तोच प्रश्न पुन्हा उभा आहे.

या शिकवणीतून दोन टोकांच्या भूमिका गळून पडतात. यंत्र आले म्हणजे सारे सुटेल, ही एक. आणि यंत्र नको म्हणजे चालक सुखी झाला, ही दुसरी. चालकविरहित मोटारींना बंदी घातली तरी वडापवाल्याला परवाना, विमा, आजारपणात आधार आणि म्हातारपणी निर्वाह यांपैकी काहीही आपोआप मिळत नाही. त्याचा रोजगार वाचविला असे म्हणायचे आणि त्याला रस्त्याच्या कडेला दंड भरत उभे ठेवायचे, हे श्रमाच्या प्रतिष्ठेशी सुसंगत नाही.

संत योहानाच्या शुभवर्तमानातील बेथेस्दाच्या तळ्याकाठचा रुग्ण येथे आठवतो. अडतीस वर्षे तो तेथे पडून होता. तळे समोर होते, पाणी हालत होते, इतर लोक बरे होऊन जात होते. प्रभू येशूने विचारले तेव्हा त्याने आपल्या व्याधीचे गाऱ्हाणे गायिले नाही. आपल्याला पाण्यापर्यंत नेणारा कोणी नाही, एवढेच त्याने सांगितले. आपल्या भागात दवाखाने आहेत, महाविद्यालये आहेत, मंदिरे आणि चर्च आहेत. अनेकांचे दुःख त्या रुग्णासारखेच आहे. नेणारा कोणी नाही.

काय करता येईल?

पहिली गोष्ट शासनाने करावयाची आहे. २०१९ च्या दुरुस्तीने दिलेला अधिकार वापरून सातारा व सांगली जिल्ह्यांतील एखाद-दोन तालुक्यांत वडापला ग्रामीण वाहतुकीची अधिकृत सेवा म्हणून मान्यता देण्याचा प्रयोग करावा. आसनसंख्येची मर्यादा काटेकोर, प्रत्येक प्रवाशाचा विमा, फलकावर लिहिलेले भाडे आणि एस.टी.च्या वेळेशी जुळणारी फेरी, या चार अटी असाव्यात. वृद्ध, महिला आणि विद्यार्थिनी यांची सवलत त्या गाडीतही लागू व्हावी आणि तिचा भार एस.टी.प्रमाणेच शासनाने उचलावा. ओडिशामध्ये २०२३ साली ग्रामपंचायतींना तालुक्याच्या ठिकाणाशी जोडणारी बससेवा शासनाने सुरू केली; इच्छा असली की मार्ग निघतो. तंत्रज्ञानाला येथे खरे काम आहे: साध्या फोनवरून केलेली मागणी नोंदविणे, कोणत्या वाडीला किती जण उभे आहेत ते चालकाला कळविणे, दोन गाड्यांनी एकाच प्रवाशासाठी न धावता वाटून घेणे. या कामासाठी चालकाला उतरवावे लागत नाही.

दुसरी गोष्ट चालकांनी करावयाची आहे. हा सहकाराचा प्रदेश आहे. ज्या मातीत कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेचे बीज रोवले, ज्या मातीत शेतकऱ्यांनी साखर कारखाने उभारले, तेथे गाडीवाल्यांची सहकारी संस्था अशक्य का असावी? उद्या स्वयंचलित गाडी येथे आलीच, तर ती परक्या कंपनीची न येता त्यांच्याच संस्थेची यावी, ही तयारी आज करता येईल.

तिसरी गोष्ट आपली आहे. या दोन जिल्ह्यांत कॅथलिक कुटुंबे थोडी आणि दूरदूर विखुरलेली आहेत. रविवारच्या पवित्र मिस्साला कोण येत नाही आणि का येत नाही, याची यादी प्रत्येक धर्मग्रामाने करून पाहावी. त्यांतील काहींची श्रद्धा मंदावली असेल. परंतु काहींना केवळ गाडी मिळत नसेल. चर्चच्या आवारात रविवारी उभ्या राहणाऱ्या मोटारींत कितीतरी आसने रिकामी असतात. धर्मग्राम परिषदेने गावानुसार नावे जोडून दिली, तर पुढील रविवारपासूनच काही वृद्धांना वेदीपर्यंत येता येईल. आपल्या नेहमीच्या जीपवाल्याशी महिन्याचा ठराव करून त्याला योग्य भाडे देणे, हाही एक चांगला मार्ग आहे. गाडीत अधिक माणसे भरली जात असतील तर "मी पुढच्या गाडीने येतो" असे म्हणण्याचे धैर्यही आपण दाखवावे. व्हॅटिकनने २००७ साली वाहनचालकांसाठी दहा आज्ञा प्रसिद्ध केल्या, त्यांतील पहिली आज्ञा हत्या करू नये हीच आहे. ती प्रवाशांनाही लागू पडते. आणि ग्रामसभेत हा प्रश्न मांडण्याचा अधिकार तर प्रत्येक मतदाराला आहे.

चालकविरहित गाड्यांच्या बातम्या येत राहतील. आपल्या मुलांनी त्यांचा अभ्यास करावा, त्यांतील काहींनी त्या घडवाव्यातही. परंतु एखादी नवी गाडी चांगली की वाईट, हे ठरविताना आपण एकच कसोटी लावू या. ती गाडी शेवटच्या वाडीपर्यंत जाते काय, आणि तेथे उभ्या असलेल्या म्हातारीला हात देऊन आत घेणारा कोणी तिच्यात आहे काय?

- संपादक